आगमनकाळ

ख्रिस्ती उपासनावर्षाचा हा पहिला काळ होय. नाताळपूर्वीचे चार रविवार त्यात येतात. ‘आद्‌व्हेन्तुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘येणे’, ‘आगमन’ असा आहे. रोमन साम्राज्यात सम्राटाच्या समारंभपूर्वक नगरप्रवेशाला हा शब्द लावीत. ख्रिस्ती लोकांनी तो येशू ख्रिस्ताच्या येण्यासाठी स्वीकारला आणि पुढे त्या येण्याच्या तयारीचा काळही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मराठी भाषक कॅथलिक समाजात ‘आगमनकाळ’ हा प्रतिशब्द रूढ आहे.

रोमन उपासनापद्धतीप्रमाणे ३० नोव्हेंबर या संत अंद्रियाच्या सणाला सर्वांत जवळ असलेल्या रविवारी आगमनकाळाचा आरंभ होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. समाप्ती २४ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेपूर्वी होते. त्यामुळे रविवार नेहमी चारच असले, तरी काळाची लांबी २२ ते २८ दिवस अशी बदलते. नाताळ रविवारी आला (उदा., २०२२), तर चारही आठवडे पूर्ण मिळतात, सोमवारी आला (उदा., २०२३), तर चौथा आठवडा एका दिवसाचाच उरतो.

या काळाला दोन अंगे आहेत. १६ डिसेंबरपर्यंतच्या उपासनेचा रोख काळाच्या अंती होणाऱ्या ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनावर असतो. १७ ते २४ डिसेंबर या दिवसांत मात्र बेथलेहेम येथील जन्माची प्रत्यक्ष तयारी होते. सामान्य भाविकाच्या मनात यांपैकी दुसरे अंगच ठसलेले असते. पहिल्या रविवारचे शुभवर्तमान जन्माची कथा न सांगता जागे राहण्याची ताकीद देते, हे अनेकांना अनपेक्षित वाटते. मराठी वाचकास या ठिकाणी चातुर्मासाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. नेम, संयम आणि अखेरीस सण ही चौकट दोहोंत सारखी दिसते; परंतु आगमनकाळाचा गाभा नेमात नसून प्रतीक्षेत आहे, हा भेद ध्यानात घेतला पाहिजे.

आगमनकाळाचा उगम रोममध्ये झालेला नाही. स्पेनमधील सारागोसा येथे इ. स. ३८० मध्ये भरलेल्या धर्मसभेने १७ डिसेंबर ते ६ जानेवारी या दिवसांत कोणी चर्चमधून अनुपस्थित राहू नये, असा नियम केला. पाचव्या शतकात गॉलमधील तूर येथील बिशप पर्पेतुउस यांनी संत मार्टिनच्या सणापासून (११ नोव्हेंबर) नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला. हे व्रत सुमारे चाळीस दिवसांचे असल्यामुळे त्याला संत मार्टिनचा उपवासकाळ म्हणत. रोममध्ये हा काळ सहाव्या शतकात रुळला आणि पोप पहिले ग्रेगरी (कार. ५९०–६०४) यांच्या सुमारास रविवारांची संख्या चार झाली. मिलानच्या आम्ब्रोझियन पद्धतीत ती आजही सहा आहे. गॉलची परंपरा प्रायश्चित्ताची, तर रोमची आनंदमय अपेक्षेची. पुढील शतकांत या दोन प्रवाहांचे मिश्रण झाले आणि आगमनकाळाच्या स्वभावात आढळणारी द्विधा या मिश्रणातूनच आली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवसांचा उपवास आहे. केरळच्या सीरो-मलबार ख्रिस्ती समाजात १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचे व्रत पाळतात. रोमन कॅथलिकांसाठी मात्र पोप सहावे पॉल यांच्या १९६६ च्या आज्ञापत्रानंतर आगमनकाळात सक्तीचा उपवास राहिला नाही. १९६९ मध्ये उपासनावर्षाचे जे नवे नियम झाले, त्यांनी भक्तिपूर्ण आणि आनंदी अपेक्षेवर भर दिला.

उपासनेत हा काळ चटकन ओळखता येतो. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. तिसऱ्या रविवारी, ज्याला ‘आनंदाचा रविवार’ म्हणतात, गुलाबी रंगाची मुभा आहे. वेदीवरील फुले आणि वाद्ये माफक असावीत, असा संकेत आहे. मिस्सेतील गौरवगीत रविवारी गात नाहीत, कारण ते गीत बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायिले, असे शुभवर्तमानात म्हटले आहे. ते नाताळच्या मिस्सेसाठी राखून ठेवतात. ‘आलेलुया’ मात्र चालूच राहतो. पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या उपवासकाळात तोही थांबतो, यावरून दोन्ही काळांतील प्रायश्चित्ताचे प्रमाण कळते. वाचनांत यशया संदेष्टा अग्रभागी असतो. दुसऱ्या व तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान आणि चौथ्या रविवारी मरिया व योसेफ यांचे प्रसंग येतात. १७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांच्या सायंप्रार्थनेत ‘ओ’ या संबोधनाने सुरू होणारी सात प्राचीन धृपदे म्हणतात. त्यांत ख्रिस्ताला ज्ञान, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उदयतेज, राष्ट्रांचा राजा आणि इम्मानुएल अशी संबोधने आहेत. या लॅटिन संबोधनांची आद्याक्षरे उलट क्रमाने लावली असता ‘एरो क्रास’, म्हणजे ‘उद्या मी असेन’, असे वाक्य तयार होते. हे हेतुपुरस्सर केले असो वा नसो, मध्ययुगीन मठवासीयांना त्याचे अप्रूप होते.

आगमनकाळाची जी दृश्य चिन्हे आज जगभर दिसतात, ती मानाने अलीकडची आहेत. हिरव्या पानांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या बसवून दर रविवारी एकेक अधिक पेटविण्याची प्रथा मुळात कॅथलिक नव्हे. हँबर्गमधील लूथरपंथी धर्मोपदेशक योहान हिन्‍रिख व्हिखेर्न यांनी १८३९ मध्ये निराधार मुलांच्या आपल्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारीत आणि त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून ही युक्ती केली, असे सांगतात. त्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या होत्या. विसाव्या शतकात कॅथलिकांनी ही प्रथा उचलली आणि चारांपैकी तीन मेणबत्त्या जांभळ्या, एक गुलाबी असा आपला रंगक्रम तिला दिला. गोठ्याच्या देखाव्याचा इतिहास जुना आहे. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो येथे गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांसह जन्मप्रसंग उभा केला. त्यांचा चरित्रकार चेलानोचा तोमास याने त्याचा वृत्तांत लिहून ठेवला आहे.

ग्रंथांतील आगमनकाळ आणि प्रत्यक्षातील आगमनकाळ यांचे नाते पाहावयाचे, तर ते एखाद्या धर्मग्रामात पाहावे लागते. धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवती आणि एका प्रमुख धर्मगुरूच्या देखरेखीखाली असलेला भाविकांचा समुदाय. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण वसई परिसरात आढळते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यानंतर तेथील सामवेदी, वाडवळ, कोळी इ. समाजांतील पुष्कळ कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर परदेशी धर्मसंघ निघून गेले. स्थानिक समाज आणि एतद्देशीय धर्मगुरू मात्र राहिले आणि परंपरा त्यांनी चालविली. हा भाग पुढे मुंबईच्या महाधर्मप्रांतात होता. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पापडी येथील चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. नंदाखाल, आगाशी, निर्मळ, गिरिज, गास, सांडोर इ. धर्मग्रामांत उपासनेची मुख्य भाषा मराठी असून घरांत सामवेदी, वाडवळी वा कोळी बोली चालतात.

मराठी उपासना ही येथील आगमनकाळातील सर्वांत मोठी क्रांती म्हणावी लागेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविषयक दस्तऐवज संमत केला. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि लोक त्या वेळी जपमाळेची प्रार्थना म्हणत. यशयाचे शब्द आपल्या भाषेत ऐकण्याची सोय सामान्य शेतकऱ्याला वा मच्छीमाराला नव्हती. याचा अर्थ मराठीतून ख्रिस्तकथा अगदीच परकी होती असा नाही. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा सांगते. आगमनकाळाचा आशय मराठीत इतक्या विस्ताराने त्याआधी कोणी मांडलेला नाही. पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषांविरुद्ध आदेश काढला. त्याच्या छायेत ही परंपरा खंडित झाली. तीन शतकांनी ती दुसऱ्या मार्गाने परत आली, असे म्हणता येईल.

धर्मग्रामाची तयारी आगमनकाळाच्या बऱ्याच आधी सुरू होते. भातकापणी उरकून शेते मोकळी झालेली असतात. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत कामांची वाटणी होते : वाचकांची यादी, वेदीसेवकांचा सराव, मंडप, दिवे, पार्किंग, स्वच्छता. गायकवृंदाचा सराव बहुधा रात्री ठेवावा लागतो, कारण गायकांपैकी अनेक जण नोकरीसाठी मुंबईस ये-जा करतात आणि लोकलने घरी परतेपर्यंत जेवणाची वेळ होते. याच मंडळींना दोन प्रकारची गीते बसवावी लागतात. रविवारच्या मिस्सेसाठी प्रतीक्षेची संथ गीते आणि नाताळरात्रीसाठी जन्मोत्सवाची गीते. सरावात दुसरीच अधिक घुमतात, हे ओघानेच आले.

वाडीवस्तीच्या पातळीवरील काम लहान ख्रिस्ती समूहांकडे असते. १९८० नंतरच्या दशकांत मुंबई परिसरात या समूहांची बांधणी झाली. शेजारची काही कुटुंबे आठवड्यातून एकदा एका घरी जमतात, येत्या रविवारचे वाचन करतात आणि त्यावर बोलतात. आजारी व वृद्ध माणसांची यादी याच बैठकांतून धर्मगुरूंकडे जाते आणि नाताळपूर्वी त्यांना घरी जाऊन पवित्र ख्रिस्तशरीर देण्याची व्यवस्था होते. कोणाच्या घरी यंदा मृत्यू झाला, कोणाची नोकरी गेली, कोणत्या दोन भावांत बांधावरून बोलणे बंद आहे, हेही याच ठिकाणी कळते. अशा घरांना नाताळ सोसावा लागतो. त्यांची दखल घेणे हा तयारीचा भाग आहे, ही जाणीव चांगल्या धर्मग्रामात आढळते. १८३३ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखा अनेक धर्मग्रामांत असून धान्य, कपडे आणि औषधांची मदत त्या गाजावाजा न करता पोहोचवितात. मदत घेणाऱ्याचे नाव उघड होऊ नये, हा त्यांचा दंडक आहे.

पापनिवेदन, ज्याला जुनी माणसे पोर्तुगीजवरून आलेला ‘कुमसार’ हा शब्द वापरतात, हे या काळातील आध्यात्मिक तयारीचे मध्यवर्ती अंग होय. डिसेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित विधीने सामुदायिक प्रायश्चित्तविधीस मान्यता दिली. यात सर्वांनी एकत्र वाचन, आत्मपरीक्षण व प्रार्थना करावयाची आणि निवेदन मात्र एकेकट्याने करावयाचे असते. एका धर्मग्रामात दोन-तीनच धर्मगुरू असल्यामुळे शेजारच्या धर्मग्रामांतील धर्मगुरू ठरल्या दिवशी एकत्र येतात आणि पुढल्या दिवशी दुसऱ्या चर्चमध्ये जातात. आपल्या पापांचे निवेदन ओळखीच्या धर्मगुरूपाशी करण्यास संकोचणाऱ्यांची त्यामुळे सोय होते, हा या व्यवस्थेचा न बोलला जाणारा लाभ.

गोठा उभारणे हे मुख्यतः तरुणांचे काम. बांबू, पेंढा, गोणपाट, माती आणि दगड यांतून डोंगर, विहीर, पायवाट व गुरांचा गोठा साकारतात. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पसरट भांड्यात गहू वा नाचणी पेरतात. नाताळपर्यंत तिचे कोवळे हिरवे अंकुर येतात आणि ती शेते गोठ्याभोवती मांडतात. प्रतीक्षा म्हणजे काय, हे मुलांना समजावण्याचे याहून सोपे साधन दुसरे नसावे. गव्हाण २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामीच राहते. काही ठिकाणी दर सत्कृत्यामागे गव्हाणीत गवताची एक काडी ठेवण्यास मुलांना सांगतात, म्हणजे बाळाचे अंथरूण त्यांच्याच कृतींनी होते. गावोगावी गोठ्यांच्या स्पर्धा होतात आणि हलत्या देखाव्यांपर्यंत मजल जाते. स्पर्धेमुळे कौशल्य वाढले हे खरे. पण खर्चही वाढला आणि देखाव्यात मूळ प्रसंग शोधावा लागू लागला. २०१८ मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आल्यावर पेंढा व बांबू यांना पुन्हा मान मिळाला. घराघरावर लागणारा तारा बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद यांचा. दिवाळीचा आकाशकंदील ज्या हातांनी होतो, त्याच हातांनी तोही होतो. तयार प्लॅस्टिकच्या ताऱ्यांनी मात्र ही कला मागे सारली आहे.

घरांतील तयारी स्त्रियांभोवती फिरते. करंजीसारख्या नेवऱ्या, कणकेच्या वा मैद्याच्या गोळ्या फणीवर दाबून वळविलेली व तळलेली कुलकुले, नारळ व गूळ यांचे दोदोल, खजुराच्या वड्या हे पदार्थ एकटीने करण्याजोगे नाहीत. शेजारणी पाळीपाळीने एकमेकींच्या घरी बसतात. फराळाचे ताट हिंदू शेजाऱ्यांकडे जाते आणि त्यांच्याकडून दिवाळीत आलेल्या ताटाची परतफेड होते. गोव्यातही ‘कोंसुवाद’ या नावाने हाच रिवाज आहे. गोव्यात ३ डिसेंबरला जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियरचा सण आणि ८ डिसेंबरला अमलोद्भव मातेचा सण येत असल्यामुळे तेथील आगमनकाळाचे पहिले दिवस फेस्तांच्या गर्दीतच जातात. याउलट फिलिपीन्समध्ये १६ डिसेंबरपासून सलग नऊ दिवस पहाटेच्या मिस्सांना लोक लोटतात आणि तयारीला दिवसांचे निश्चित वळण मिळते.

या काळापुढील खरी अडचण आता उपवास मोडण्याची नसून प्रतीक्षा मोडण्याची आहे. बाजारात नाताळ नोव्हेंबरअखेरीसच येतो. शाळा व कार्यालये सुटीपूर्वी आपले कार्यक्रम उरकतात. गाणी गात घरोघर जाणारी पथके नाताळबाबासह डिसेंबरच्या मध्यापासूनच फिरू लागतात. त्यांना मिळणारी देणगी पुष्कळदा सेवाकार्यास जाते, म्हणून त्यांना अडविणेही अवघड. परिणामी २५ डिसेंबरला सण संपला असे वाटू लागते. उपासनेच्या दृष्टीने मात्र तो त्या दिवशी सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. धर्मगुरू प्रवचनांतून याची आठवण देतात. पण केवळ निषेधाने काही साधत नाही, असा अनुभव आहे. मेणबत्त्यांचे वर्तुळ, रिकामी गव्हाण, अंकुरणारे धान्य यांसारखी चिन्हे मात्र उपदेशाविनाही थांबावयास शिकवितात.

वसईच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे. १९८० च्या दशकापासून येथे झपाट्याने नागरीकरण झाले. शेतीवाडीच्या जागी इमारती आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्यासारख्या धर्मगुरूंनी वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी आंदोलन केले आणि सुवार्ता मासिकातून समाजाशी मराठीत संवाद ठेवला. त्यांच्या सुबोध बायबल या अनुवादास २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धर्मग्रामांत आता इतर प्रांतांतून आलेले कॅथलिकही राहतात. त्यांच्यासाठी इंग्रजी मिस्सा असते. नव्या पिढीचे शिक्षण इंग्रजीतून होत असल्याने मराठी वाचने नीट म्हणणारे तरुण वाचक शोधावे लागतात. आगमनकाळातील सराव ही अशा वेळी भाषेचीही शाळा ठरते. यशयाचे उतारे शुद्ध उच्चारांत वाचता यावेत, म्हणून आजीआजोबांपुढे ते आधी म्हणून दाखविणारी मुले आढळतात. बोलींत रचलेली नाताळगीते हा याच धडपडीचा दुसरा भाग होय. नोकरीनिमित्त आखाती देशांत वा कॅनडात गेलेले लोक सणासाठी परततात, तेव्हा ती गीते त्यांच्यासाठी विशेष महत्त्वाची असतात.

शेवटच्या दिवसांचे नियोजन पंचांगावर अवलंबून असते. २४ डिसेंबर रविवारी आला की सकाळी जांभळ्या वस्त्रांत चौथ्या रविवारची मिस्सा आणि रात्री पांढऱ्या वस्त्रांत जन्मोत्सवाची मिस्सा, असे दोन्ही एकाच दिवशी करावे लागते; मधल्या काही तासांत वेदी, फुले आणि गोठा सजवून पूर्ण करावयाचा असतो. मध्यरात्रीच्या मिस्सेला चर्च पुरत नसल्याने ती पुष्कळ ठिकाणी पटांगणात होते. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वापरावयाचा, तर विशेष सवलत लागते. त्यामुळे काही धर्मग्रामांनी मिस्सेची वेळ अलीकडे आणली आहे. वेळ कोणतीही असो, गौरवगीत सुरू होताच घंटा वाजतात आणि चार आठवडे रिकाम्या राहिलेल्या गव्हाणीत बाळाची मूर्ती ठेवली जाते.